गाळपेरातलं कुंपण

शकुनबाईनं चपला अंगणातच काढल्या आणि दारात उभी राहून म्हणाली, "बाई, परवानगी पायजे होती."

साधना कणीक मळत होती. शकुनबाईचा नवरा डोमा ढिवर, सारा जन्म तलावात डोंगा हाकलेला माणूस, गेल्या आठवड्यात गेला होता. उद्या त्याचा दहावा. इथल्या ढिवरांची रीत अशी, की दहाव्याला गेलेल्याचं जाळं मुलानं एकदा तलावात फेकायचं आणि तसंच ओलं खांद्यावर टाकून घरी आणायचं. तोवर त्या घरानं मासे धरायचे नाहीत.

"परवानगी कायची?" साधनानं विचारलं. कायची ते तिला विचारतानाच कळलं होतं.

"गावाच्या काठाले पाणी कुठं रायलं, बाई? पाणी गेलं तुमच्या टरबुजाच्या पल्याड. कुंपणातून जाऊ द्याल का? उद्याच्याच दिवस. नाई जमत तं बादलीत भिजवून घेतो जाळं. काय करता!"

बादलीत. डोमाचं जाळं.

"जा ना. विचारता कायले," साधना म्हणाली. शकुनबाईनं दोन्ही हात जोडले. साधनाचे हात कणकेनं भरलेले होते, त्यामुळे तिला उलट नमस्कारही करता आला नाही. बरंच झालं.

साधना तलाव समितीची अध्यक्ष. कार्तिकात, तलाव काठोकाठ भरलेला असताना, तिनंच काठाची वाटणी केली होती. एवढा काठ गावाचा: म्हशी, धुणं, पोळ्याचे बैल, ढिवरांचे डोंगे. उरलेला गाळपेराला, म्हणजे पाणी ओसरेल तसा उघडा पडणारा गाळ ज्यानं त्यानं पेरायचा. हद्दीला चुना फासलेले दगड लावले. गावानं टाळ्या वाजवल्या. पण तलाव काही बारा महिने कार्तिकात राहत नाही. फाल्गुन लागला की पाणी खोलगट अंगाला सरकतं, आणि ते पाणी व गावाचा काठ यांच्या मधला गाळ आला होता घनश्यामच्या वाट्याला. घनश्याम साधनाचा नवरा.

जिल्ह्याचे दोन झाले तेव्हा तिचं माहेर गोंदियात गेलं आणि ती भंडाऱ्यात राहिली. कागदावरची सरळ रेघ जमिनीवर कुणाच्या अंगणातून जाते, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. लग्न होऊन आल्यापासून दर उन्हाळ्यात हे पाणी कुठं जातं ते ती पाहत आली होती. दगड लावतानाही तिला ते दिसलं होतं. कुणीतरी बोलेल, मग आपण हो म्हणू, असं तिनं ठरवलं. कुणीच बोललं नाही. मग तीही बोलली नाही, आणि या न बोलण्याला तिनं मनात 'राहून गेलं' असं नाव देऊन टाकलं. घनश्यामनं काटेरी तार ओढली, तेव्हा तिनं खांबही धरला होता.

रात्री जेवताना तिनं सांगितलं.

"येऊ दे ना," घनश्याम म्हणाला. "मी काय राक्षस आहो का? सकाळी तार सोडतो, दुपारी बांधतो. फक्त वेलावर पाय नोको म्हणा."

दुसऱ्या दिवशी ते वीसेक जण आले. पुढं शकुनबाईचा मुलगा इश्वर, डोकं भादरलेलं, खांद्यावर बापाचं जाळं. तो वरठीच्या कारखान्यात कामाला. जाळं त्यानं लहानपणानंतर हातात धरलं नव्हतं. सोडलेल्या तारेपाशी सगळे थांबले. पायातलं काढलं. मग एकामागं एक, दोन सरींच्या मधून, लुगडी आवरून, वेलाला धक्का लागू न देता चालत गेले. एका म्हातारीचा तोल गेला, तर ती वेलाकडं न पडता मुद्दाम चिखलात बसली.

"अवो, पडू द्या ना पाय! टरबूजच हाये!" साधना ओरडली.

"असं कसं, बाई," म्हातारी चिखलातूनच म्हणाली. "दुसऱ्याचं वावर हाये."

साधनाला वाटलं, कुणीतरी निदान एक तरी टरबूज फोडावं.

इश्वरनं जाळं फेकलं. ते उघडलंच नाही, गोळा होऊन पाण्यात पडलं.

"बाप हासत असल तुले," मागून कुणीतरी म्हणालं, आणि रडणाऱ्या बायकासुद्धा हसल्या. दुसऱ्या वेळी जाळं पसरलं. शकुनबाई कमरेइतक्या पाण्यात उभी राहून ते बुडताना बघत राहिली.

परत जाताना ती तारेपाशी थांबली. "लय उपकार झाले, बाई."

घनश्याम पक्कड घेऊन उभाच होता. लोक बाहेर पडले की तार बांधायला.

"उपकार नोका म्हणू," साधना म्हणाली. "हा रस्ता तुमचाच होता. दगड लावले तवाच मले माहीत होतं, पाणी इकडं येते म्हणून. मी बोलली नाई."

"का वो, काय बोलून रायली तू?" घनश्याम दबक्या आवाजात म्हणाला. "लोकं आहेत."

"लोकंच आहेत म्हणून."

शकुनबाईच्या पदरातून पाणी गळत होतं. तिला नवल वाटलेलं दिसलं नाही.

"आमाले बी माहीत होतं, बाई," ती म्हणाली. "पाणी कुठं जाते हे ढिवराले नाई समजन तं कोनाले? तुमी मोजून रायल्या होत्या तवा हे म्हने, सांगू का? मीच नोको म्हटलं. म्हटलं, चार लोकांत बाईले वाईट वाटंल. आपल्याच तोंडानं सांगतीन." तिनं पदर पिळला. "वाट पाहून पाहून गेले ते."

शकुनबाईनं इश्वरच्या खांद्यावरून घसरणारं ओलं जाळं वर सारलं आणि म्हणाली, "चाल बापू. जेवाले लोकं थांबले असतीन."

ते गेले. गाळात पावलांची एकच सरळ ओळ उमटली होती. एकही वेल तुटला नव्हता.

"आता?" घनश्यामनं विचारलं. त्याच्या एका हातात पक्कड, एका हातात तारेचं टोक.

"नोका बांधू."

"आन् म्हशी शिरल्या तं? सारी टरबुजाची बाडी खातीन."

"खातीन," साधना म्हणाली.

घनश्यामनं तिच्याकडं बघितलं, तारेकडं बघितलं. मग पुटपुटत, हाताला काटे टोचून घेत, तार गुंडाळायला लागला. साधना मदतीला पुढं झाली, तर तो म्हणाला, "राहू दे," आणि तिला तेही बरोबरच वाटलं.