सिंहाच्या जबड्यातली कडी

चर्चच्या उत्तर दारापुढे अख्खं थॉर्नबी गाव कुडकुडत उभं होतं. दारावर लोखंडी वेली पसरलेल्या, त्यांच्यावर हिमाचा पांढरा थर. आणि मधोमध जबड्यात कडी धरलेला काशाचा सिंह. ही कडी म्हणे पाप्याचा हात भाजते! हे गुपित सिंहाने सांगितलं ते फक्त स्वतःला संत म्हणवणाऱ्या फुल्कबाबाला. कालच एका धनगराचा तळवा भाजून निघाला होता.

"आता गोडिथ!" बाबा गरजला. "हिच्या बिअरमध्ये सैतान पोहतो!"

बाबाला पिंपभर बिअर फुकट द्यायला गोडिथने नकार दिला, त्या दिवसापासून सैतान पोहू लागला होता. हात भाजला की गावाबाहेर हाकलणार, हे ठरलेलंच. चाळीस वर्षांची भट्टी, घरदार, सगळं सोडून जायचं.

बाबाने स्तोत्र सुरू केलं. संपेचना. गोडिथला आठवलं, चीज घेऊन आलेल्या हॅमो गिरणीवाल्यासाठी बाबाने दोनच ओळी म्हटल्या होत्या, आणि त्याचा हात भाजला नव्हता! तिने दाराकडे पाहिलं. वेलींवरचं हिम तसंच. सिंहाच्या आयाळीवरून मात्र पाणी टपकत होतं. आणि कुलपाच्या भोकातून खमंग वास येत होता.

"हा कसला वास, बाबा?"

"नरकात पापी भाजतायत!"

"कांदा घालून?"

लोक फिसकन हसले. तेवढ्यात गोडिथ आत शिरायला दक्षिण दाराकडे पळत सुटली.

"अगं बाई, सैतानाच्या दारामागे जाऊ नकोस!" हॅमो ओरडला. उत्तरेचं दार सैतानाचं, त्यामागे कुणी फिरकायचं नाही, ही गावाची जुनी रीत. बाबाचा सगळा धंदा त्या रीतीवरच चालला होता.

आतून खळकन आवाज आला आणि उत्तरेचं दार सताड उघडलं. गोडिथने बाबाचा चेला ओडो कानाला धरून उभा केला होता. त्याच्या मागे कोळशाची शेगडी, वर कढईत सॉसेज. आणि सिंहाच्या कडीची दारातून आरपार आलेली खीळ लालभडक चिमट्यात पकडलेली.

"बाबा, तुम्ही तर पुण्यवान," गोडिथ म्हणाली. "धरा कडी. स्तोत्र मी म्हणते. लांबडं!"

"धरा की!" धनगराने गुंडाळलेला हात नाचवला.

बाबा झगा सावरत असा पळाला की त्याची एक चप्पल हिमातच राहिली.

कासं तापतं ते विस्तवाने; त्याला कुणाचं पाप कळत नाही आणि चीजही कळत नाही. दारावर चमत्कार दिसला तर हात जोडण्याआधी दारामागे एक चक्कर मारा. सैतान भेटणार नाही. सॉसेज भेटेल.