मशीनची चप्पल

खांदा कॉलनीत राहणाऱ्या परेश आणि सुमतीच्या घरात एक निळी रबरी चप्पल होती. ती कुणा माणसाची नव्हती, वॉशिंग मशीनची होती. मागच्या बाल्कनीच्या दारात ती कायम पडलेली असे. मशीनला हात लावायचा तर आधी त्या चपलेत पाय घालायचे, हा घरचा नियम. कारण मशीनच्या पत्र्याला ओलं बोट लागलं की कोपरापर्यंत झिणझिण्या येत, आणि चप्पल घातली की येत नसत.

नियम इतका अंगवळणी पडला होता की त्यात काही वावगं आहे असं कुणाच्या मनातही येईना. घरी पाहुणे राहायला आले की सुमती हसत हसत सांगायची, "चप्पल घाला हं, नाहीतर आमची मशीन गुदगुल्या करते." पाहुणेही हसायचे. आपल्यापैकी किती घरांत अशी एखादी चप्पल असेल, जरा आठवून बघा. कुठे गीझर बंद केल्याशिवाय नळाला हात लावायचा नसतो, कुठे फ्रिजचं दार फडक्याने धरायचं असतं. दुरुस्ती राहते बाजूला, आपण दुखण्याशी जुळवून घेतो आणि वर स्वतःच्या हुशारीवर खूश होतो!

खरं कारण परेशला ठाऊक होतं. स्वयंपाकघराचं काम काढलं तेव्हा मशीन बाल्कनीत हलवली. नव्या जागी प्लग बसवताना वायरमन म्हणाला होता, "अर्थिंगची हिरवी वायर कमी पडतेय, भिंत थोडी फोडावी लागेल." पण भिंतीवर नुकत्याच नव्या टाइल्स लागल्या होत्या, आणि त्या परेशने स्वतः निवडल्या होत्या. "दोन वायरींवर मशीन चालते ना? मग राहू दे," तो म्हणाला. मशीन चाललीही. त्यामुळे परेशच्या लेखी विषय संपला.

अशा या घरी परेशची आत्या, सोनाबाई, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी उरणहून आली. सारा जन्म मासळी विकण्यात गेलेला, आवाज खणखणीत. ऑपरेशननंतर एका डोळ्यावर पट्टी होती, पण उरलेल्या डोळ्याने ती दोन्हींचं काम करत होती. भाजी कोण नीट निवडत नाही, दूध कोण उतू घालवतं, सगळं तिला बसल्या जागी दिसायचं आणि ती ते बोलूनही दाखवायची. सुमतीला तिचं हे बोलणं आवडायचं. घर कसं भरल्यासारखं वाटत होतं.

त्या दिवशी सकाळी पारू कामाला आली. पारू डोंगराकडेच्या वाडीवरची. नवरा गोरख बांधकामावर मजुरीला जाई आणि ही कॉलनीतल्या चार घरची धुणीभांडी करी. नेहमीप्रमाणे तिने आपली चप्पल बाहेर जिन्याजवळ काढली आणि अनवाणी आत आली. कामाच्या बायकांनी चप्पल बाहेर काढायची, हेही कुणी शिकवलेलं नव्हतं. तसंच चालत आलं होतं.

ती मशीनमधले कपडे काढू लागली आणि एकदम किंकाळी ऐकू आली!

सुमती धावत गेली. पारू मागे फेकली जाऊन भिंतीला टेकली होती. बादली उपडी, कपडे ओल्या फरशीवर.

"थांब! पाण्यात पाय घालू नको!" आत्या ओरडली. "आधी मेन बटन बंद कर!"

सुमतीने मेन स्विच बंद केला आणि मग पारूजवळ जाऊन बसली. पारूचे ओठ पांढरे पडले होते. ती बोलतेय, श्वास घेतेय, हे पाहून सुमतीचा जीव भांड्यात पडला, आणि भीती ओसरताच तिच्या तोंडून रागच बाहेर पडला.

"अगं पारू, किती वेळा सांगायचं! चप्पल घालायची ना!"

आत्याने एका डोळ्याने दोघींकडे पाहिलं.

"कुनाची?" तिने विचारलं.

पारूला चप्पल घालायला सुमतीने एकदाही सांगितलं नव्हतं! पाहुण्यांना सांगितलं होतं, शेजारणीला सांगितलं होतं. त्या निळ्या चपलेत पारूने पाय घालावा असं मात्र तिला कधी सुचलंच नव्हतं. पारूलाही ते धाडस झालं नव्हतं.

"तुला याआधी करंट लागायचा?" सुमतीने हळूच विचारलं.

"लागायचा की वैनी. रोजचंच हाय. फडक्यानं धरायची मी. आज फडकं वलं व्हतं." पारू खाली बघत म्हणाली, "मला वाटलं, मशीन अशीच असंल."

सुमतीचे डोळे भरून आले. तिला स्वतःची लाज वाटली, अगदी मनापासून. तिने पारूला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी हृदयाचा आलेख काढला, तळहातावरच्या भाजल्याच्या डागाला मलम दिलं आणि म्हणाले, "थोडक्यात वाचली."

संध्याकाळी परेश उलव्याच्या साइटवरचं काम आटोपून आला. सगळं ऐकून तोही हादरला. "उद्याच पारूला नवी रबरी चप्पल आणू या," तो म्हणाला.

"आन," आत्या म्हणाली. "मग परवा कुनाला आनशील? गॅसवाल्याला? पान्याचा नल सुधरायला येनाऱ्याला? शेजारची पोरं खेलाला येतील त्यांना? चपला वाटत बसशील, पन मशीन बरी नाय करनार?"

"आत्या, मशीन तशी चालतेय..."

"चालते म्हनून बरी हाय का रे? आमच्या गल्लीत एकाची होडी गलायची. तो रोज पानी उपसायचा आनि म्हनायचा, होडी चांगली हाय. बाबा, तुला उपसता येतं. तुझ्या होडीत दुसरा बसला तर त्यानं काय करायचं? तुमी स्वतःपुरती वाट काढली आनि सुटलात. ती पोर अनवानी उभी व्हती, ती कुनाच्या डोल्यात आली नाय!"

भिंतीवरच्या टाइल्सकडे परेशने पाहिलं. त्या आता त्याला काही फारशा सुंदर वाटल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी मितेश इलेक्ट्रिशियन आला. मेन स्विच बंद करून त्याने बोर्ड उघडला. हिरवी वायर आत गुंडाळून तशीच सोडलेली होती, तिच्या टोकाला कसलंच कनेक्शन नव्हतं.

"मशीनच्या आतली एक वायर घासून पत्र्याला टेकलीय," तो म्हणाला. "हिरवी वायर जोडलेली असती, तर तो करंट तिच्यातून जमिनीत गेला असता आणि फ्यूज उडाला असता. तुम्हाला कळलं असतं. वाट नव्हती, म्हणून तो हात लावणाऱ्यातून गेला."

"म्हंजे मोरी," आत्या म्हणाली. "मोरी नाय ठेवली तं पानी घरातच शिरनार."

"बरोबर, मावशी!" मितेश हसला.

परेशने स्वतः सांगितलं, "टाइल्स फोडा." मशीनची घासलेली वायर बदलली, हिरवी वायर अर्थिंगला जोडली, घरातला प्रत्येक सॉकेट तपासला, आणि करंट गळला की आपोआप लाइट बंद करणारा स्विचही मीटरजवळ बसला. फुटलेल्या जागी साधं सिमेंट लिंपलं. दिसायला ते वाईटच दिसत होतं, पण परेशने ते झाकलं नाही.

बरी होऊन पारू पुन्हा कामाला आली तेव्हा सुमतीने तिला समोर बसवून चहा दिला. "पारू, चूक माझी होती. यापुढे कुठल्याही घरी काही टोचलं, लागलं, तर तिथेच सांगायचं. गप्प बसायचं नाही."

पारूने कप खाली ठेवला. मग म्हणाली, "वैनी, रागावू नका, एक सांगू? माज्या घरच्या टेबलफॅनला बी असाच करंट हाय. मी आनि हे लाकडी पाटावर उबं राहून लावतो. पन म्हाताऱ्या सासूला दिसत नाय. ती हात लावते."

सुमती दचकली. म्हणजे वाडीवरही तेच! ज्याला जमतं तो पाटावर चढतो, आणि ज्याला दिसत नाही त्याचा हात पत्र्यावर पडतो.

रविवारी परेश, सुमती आणि मितेश वाडीवर गेले. मितेशने फॅन दुरुस्त करून दिला. गोरखने घरामागे खड्डा खणला, त्यात पाइप उभा केला, भोवती कोळसा आणि मीठ भरलं, वर पाणी ओतलं, आणि त्यातून निघालेली हिरवी वायर घरातल्या बोर्डापर्यंत नेली. शेजारच्या घरांतली माणसंही बघायला जमली. "आमच्याकडं बी बगा की," असं होता होता जेवायची वेळ टळून गेली. पारूने सगळ्यांना नाचणीची भाकरी आणि सुकटीची चटणी वाढली. परेशने तीन भाकऱ्या खाल्ल्या आणि घरी आल्यावर आत्याला मोठ्या कौतुकाने सांगितलं. आत्या म्हणाली, "खाल्ल्यास ते बरं केलंस. आता सोसायटीच्या मीटिंगमदी बी तोंड उघड." त्याने तेही केलं, आणि बिल्डिंगमधल्या सगळ्या घरांची तपासणी ठरली.

वाचकहो, हिरवी वायर एरवी काहीच काम करत नाही. तिच्यावाचून दिवा लागतो, मशीन फिरते, म्हणून आपल्याला ती फुकटची वाटते. पण घरातला धोका आपण ओळखला असेल आणि त्यातून आपल्यापुरती पळवाट काढली असेल, तर आपण सुरक्षित झालो असं समजू नका. तो धोका तिथेच असतो, आणि ज्याला आपण सांगायला विसरलो त्याची वाट बघत असतो. आजच घरातले सॉकेट तपासून घ्या. आणि तपासताना घरच्या माणसांत त्यांनाही धरा, जे आपली चप्पल दाराबाहेर काढून आत येतात.