मंक्टनच्या घरावर माझं नाव

पाकिटावर माझं पूर्ण नाव होतं, व्हर्ना हॅसलम. अक्षर इतकं दाबून काढलेलं की कागदाच्या मागून हात फिरवला तर ओळी बोटांना लागत होत्या.

"बाई, या घराच्या मालकीण म्हणून तुमचा पत्ता नोंदणी कचेरीत मिळाला. आम्ही नवराबायको इथे बावीस वर्षं राहतो. तुम्ही आमचं भाडं जवळजवळ दुप्पट केलंत. बायकोला आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यावं लागतं. इस्पितळ चालत जाण्याइतकं जवळ आहे म्हणून आम्ही इथे टिकून आहोत. मागच्या जिन्याची पायरी कुजल्याचं मी चार वेळा कळवलं. तुम्ही हे घर कधी डोळ्यांनी बघितलंय का? आल्फे कॉर्मिए, मंक्टन, न्यू ब्रन्सविक."

बघितलं नव्हतं. फोटो बघितले होते, तेही धड नाही.

मी हॅमिल्टनमध्ये सव्वीस वर्षं शाळेची बस चालवली. नवरा गेल्यावर आमचं घर विकलं, दोन खोल्यांच्या भाड्याच्या जागेत आले आणि हातात आलेली जवळजवळ सगळी रक्कम मुलाच्या, कर्टिसच्या स्वाधीन केली. त्याची पोलादाच्या कारखान्यातली नोकरी नुकतीच गेली होती. कुठल्याशा शनिवार-रविवारच्या वर्गाला जाऊन तो घरं विकत घेऊन भाड्याने द्यायचं शिकून आला. बैठकीच्या खोलीत त्याने कॅनडाचा भलामोठा नकाशा लावला होता, आणि त्याच्यापुढे उभा राहून मला शिकवायचा, "आई, आपल्या ऑन्टारिओत भाडं किती वाढवायचं ते सरकार ठरवतं. इथे पैसा अडकून पडतो. न्यू ब्रन्सविकमध्ये घरं स्वस्त, आणि भाड्याला मर्यादाच नाही. आल्बर्टातही नाही. जिथे कुणी विचारत नाही तिथे जायचं."

बँक त्याच्या नावावर कर्ज देईना, म्हणून आधी न्यू ब्रन्सविकमधल्याच सेंट जॉनची दोन लहान घरं आणि मग मंक्टनचं सहा बिऱ्हाडांचं घर माझ्या नावावर घेतलं. तो फोनवर कागद पाठवायचा, मी चष्मा शोधायचे आणि तो सांगेल तिथे बोटाने सही करायचे. मुलगा पुन्हा उभा राहतोय एवढंच मला दिसत होतं.

पत्र वाचून मी त्याला फोन केला.

"तो म्हातारा कटकट्या आहे," कर्टिस म्हणाला. "तू उत्तर देऊ नकोस."

"भाडेवाढीची नोटीस माझ्या सहीने गेली आहे का?"

"घर तुझ्या नावावर आहे. मग कुणाच्या सहीने जाणार?"

"मला विचारलंस?"

"प्रत्येक गोष्ट तुला विचारत बसलो असतो तर आपण अजून पहिल्या घरातच असतो. कामात आहे मी. ठेवतो."

त्याने फोन ठेवला आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुसऱ्या दिवशी मी विमानाचं तिकीट काढलं. त्याला कळवलं नाही.

घर लाकडी, तीन मजली, पुढून नवा पांढरा रंग दिलेलं. मागे गेले तर जिन्याची तिसरी पायरी मधोमध खचलेली, वर कुणीतरी फळकुट ठोकलेलं. खालच्या मजल्यावरचं दार एका उंच, वाकलेल्या माणसाने उघडलं. मी नाव सांगितलं. त्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"तुम्ही होय? मला वाटलं होतं अंगावर फरचा कोट असेल."

"कॉर्मिए, मी बोलायला आले आहे."

"बोला की. घर तुमचंच आहे. आत यायला माझी परवानगी कशाला?"

त्याची बायको ओदेत टेबलाशी बसली होती. एका हाताला पट्टी, चेहरा मेणासारखा. तिनेच मला खुर्ची दाखवली. चुलीवरच्या पातेल्यात बटाट्याच्या किसाचे मोठे गोळे उकळत होते. मला खाणार का विचारलं नाही, आणि मीही अपेक्षा केली नाही.

आल्फेने नोटीस माझ्यापुढे सरकवली. खाली माझी सही होती. माझीच, वळणासकट. कधीतरी एकदा फोनवर केलेली, ती उचलून सहाही बिऱ्हाडांच्या कागदांवर चिकटवलेली. नोटिशीत लिहिलं होतं, 'आपल्या सहकार्याबद्दल आभार.'

"कसलं सहकार्य?" आल्फे म्हणाला. "तुम्ही राहता कुठे, बाई? वाड्यात?"

"भाड्याच्या घरात."

"अस्सं. आणि यंदा तिकडे भाडं किती वाढलं?"

आदल्याच वर्षी माझ्या मालकाने ठरल्यापेक्षा जास्त भाडं मागितलं होतं. मी कायद्याचा कागद घेऊन त्याच्या कचेरीत गेले होते आणि त्याला चारचौघांत गप्प केलं होतं. पुढे महिनाभर भेटेल त्याला मी तो किस्सा रंगवून सांगत होते.

"सांगा की."

"दोन टक्क्यांच्या आत," मी म्हटलं.

आल्फे ओदेतकडे वळला. "ऐकलंस? हिला दोन टक्के, आपल्याला ऐंशी. ही तिकडे निवांत झोपावी म्हणून आपण इकडे घर सोडायचं."

"आल्फे, पुरे," ओदेत म्हणाली.

"का पुरे? नोएलाला कुणी पुरे म्हटलं का?"

नोएला वरच्या मजल्यावर राहायची. दोन मुली, इस्पितळाच्या धुलाईघरात काम. नोटीस मिळाल्यावर ती महिनाभर जागा शोधत फिरली. गावात तिला परवडेल अशी एकही मिळाली नाही. शेवटी नोकरी सोडून, मुलींना शाळेतून काढून, ती प्रांताच्या सीमेपलीकडे नोव्हा स्कोशियात ॲमहर्स्टला बहिणीच्या तळघरात राहायला गेली. तिच्या जागेत नवं बिऱ्हाड वाढीव भाड्याने आलंसुद्धा होतं. 'उत्तम सुरुवात' म्हणून कर्टिसने मला हसऱ्या चेहऱ्याचा जो निरोप पाठवला होता, तो याच जागेबद्दल. आणि मी त्याला 'शाब्बास' लिहिलं होतं.

मी तिथेच, त्या टेबलाशी बसून कर्टिसला फोन लावला.

"मी मंक्टनमध्ये आहे," मी म्हटलं. "नोटिसा मागे घे."

"तू तिथे काय करतेयस? आई, कुणाशी काही बोलू नकोस."

"बोलून झालंय. मागे घे."

"वेड लागलंय का? या वाढीव भाड्याच्या आकड्यांवर बँक आल्बर्टात, एडमंटनच्या घराला कर्ज देतेय. इसाऱ्याची रक्कम भरलीय मी."

"वरच्या बाईला तू घालवलंस."

"मी कुणाला घालवलं नाही. ती तिच्या पायांनी गेली. मी कायदा मोडला का? दाखव मला कुठे मोडला."

"तुझ्या बापासमोर असं बोलला असतास का?"

"बाबा जन्मभर भट्टीपुढे भाजले आणि त्यांना काय मिळालं? मला तसं मरायचं नाही. आणि तू साळसूदपणा करू नकोस. पैसे देताना विचारलं होतंस का, हे कुणाच्या खिशातून येणार?"

ते खरं होतं, आणि म्हणूनच माझा राग अनावर झाला. मी इतकी ओरडले की ओदेतने हात वर करून मला थांबवलं. कर्टिसने फोन कापला.

मी आल्फेकडे कोरा कागद मागितला. नोटीस रद्द, भाडं पूर्वीचंच, असं पाच बिऱ्हाडांसाठी पाच वेळा हाताने लिहिलं आणि सह्या केल्या. नव्या बिऱ्हाडाचंही भाडं उतरवलं. आल्फेने त्याचा कागद दोनदा वाचला.

"आणि पुढच्या वर्षी?" त्याने विचारलं.

"पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी."

"म्हणजे तुमचं मन बदललं की आमचं घर गेलं."

मला त्याचाही राग आला. एवढ्या लांब आले, पोटच्या पोराशी भांडले, आणि हा माणूस साधा बरं म्हणायलाही तयार नव्हता. पण त्याला ते म्हणायची गरज नव्हती, हे मला परतीच्या विमानात कळलं.

निघण्यापूर्वी ओदेतकडून नंबर घेऊन मी नोएलाला फोन केला होता. परत ये, जुन्या भाड्यात जागा देते, असं सांगणार होते. जागेत माणसं राहत होती हे माहीत असूनही.

"कोण व्हर्ना?" ती म्हणाली. "कागदावरची व्हर्ना?"

"हो."

"मुली आता इथल्या शाळेत रुळायला लागल्यात. तुझ्याकडून मला काही नको." आणि तिने फोन ठेवला.

पुढचे चार महिने वकिलांकडे गेले. मंक्टनचं घर कर्जासकट माझ्याकडे राहिलं, सेंट जॉनची दोन लहान घरं कर्टिसला दिली. एडमंटनचा व्यवहार फिसकटला, त्याचा इसारा बुडाला. तू माझ्या पोटावर पाय दिलास, असं तो वकिलासमोर म्हणाला. तू माझी सही चोरलीस, असं मी म्हणाले. दोघांचंही खरं होतं. सगळ्यांनी एकत्र जेवायच्या थँक्सगिव्हिंगच्या सणाला तो बायकोच्या माहेरी गेला. त्यानंतर त्याचा फोन नाही. मीही केलेला नाही. सेंट जॉनच्या घरांची भाडी त्याने वाढवली, हे मला दुसऱ्यांकडून कळलं, आणि त्या दिवशी मी जेवले नाही.

कर्जाचा हप्ता, हिवाळ्यात घर तापवायचं तेल, नवा जिना, यातून माझ्या हाती फारसं काही उरत नाही. पासष्टाव्या वर्षी मी पुन्हा सकाळच्या फेरीची बस चालवते.

वर्षाने भाडं थोडं वाढवावं लागलं. नोटीस पाठवली नाही. स्वतः गेले, प्रत्येक दार वाजवलं, तेलाची बिलं दाखवली. आल्फेने बिलं खिडकीपाशी नेऊन एकेक आकडा तपासला.

"पंचवीस डॉलर जास्त आहेत," तो म्हणाला.

"नाहीत. तेल किती महाग झालंय ते बघा."

"मग आधी वरच्या गॅलरीचा कठडा दुरुस्त करा. हलतोय."

"पंधरा दिवसांत करते. पण भाडं पहिल्या तारखेपासून."

"कठडा आधी."

आम्ही अर्धा तास भांडलो. ओदेत डायलिसिसहून आली होती, ती आतून म्हणाली की दोघांचाही आवाज रस्त्यावर जातोय. शेवटी ठरलं, कठडा आधी, भाडं त्याच्या पुढच्या महिन्यापासून. मी वहीत लिहून घेतलं आणि सुताराला फोन करायला बाहेर आले.