इवायाच्या नावाचा खिजाब

नथ्थूच्या मिशा इतक्या काळ्या होत्या की बिरशाच्या बाजारात एकदा एक कावळा त्यांना आपली पिल्लं समजून त्याच्या खांद्यावर येऊन बसला आणि घास भरवू लागला. ही गोष्ट नथ्थूच सांगायचा, पण ते जाऊ द्या. गाव परसवाडा, वय बासष्ट, आणि डोक्यावर पांढरा केस औषधालाही नाही. परसवाडा, बिरसा, कटंगी, तिन्ही बाजारांत तो चादर अंथरून बसे. एका बाजूला जंगलातल्या मुळ्या, दुसऱ्या बाजूला तेलाच्या बाटल्या आणि मधोमध स्वतःचं डोकं.

"पाहा, ओढून पाहा! वीस वर्षं झाली, हेच तेल लावून राह्यलो!"

लोक ओढून पाहत आणि बाटली घेऊन जात.

खरं एवढंच की दर वीस दिवसांनी नथ्थू बालाघाटला जाई आणि प्रेमलालच्या दुकानातून केस काळे करायच्या खिजाबाची पुडी आणी. बालाघाटच्या बाजारात तो तेल विकायला कधी बसला नाही, ते याचमुळे. पुडीची खबर त्याच्याशिवाय फक्त बायकोला, अनुसयेला होती, कारण उशीची खोळ तीच धूत असे.

सहासष्ट साली दिवाळीच्या आधी हा प्रेमलाल जबलपूरला साडूकडे जाऊन आला आणि येताना अक्कल घेऊन आला. दुकानात त्याने एक जाडजूड रजिस्टर मांडलं. गिऱ्हाइकाचं नाव, बापाचं नाव, गाव, वय, जात, माल कोणासाठी. सगळं लिहून दिल्याशिवाय काडेपेटीसुद्धा मिळायची नाही.

नथ्थू आला तेव्हा त्याच्यापुढे त्याच वॉर्डातली लीलाबाई उभी होती. हातात अंगाच्या साबणाची वडी.

"जात?" प्रेमलालने विचारलं.

"बौद्ध."

"वो तो ठीक है. पहले की?"

"पहले तू सांग," लीलाबाई म्हणाली, "तू साबन विकतं का जनगणना करतं? जात पुसून फेस जास्त येते का रे?"

"बाई, जबलपूर में बडी बडी दुकानवाले लिखते हैं."

"मंग जबलपूरवाल्याची पाठ घास जा!" तिने वडी त्या उघड्या रजिस्टरावर आपटली आणि दुसऱ्या दुकानाकडे चालू लागली.

नथ्थूला बाईचं फार कौतुक वाटलं. पण साबण कुठेही मिळतो. खिजाब सगळ्या बालाघाटात एकट्या प्रेमलालकडे होता. शिवाय मिशीच्या मुळाशी तांदळाच्या कण्या दिसायला लागल्या होत्या आणि परवा कटंगीचा बाजार.

"नाम?" इतकी वर्षं माल नेला, पण नाव कधी कोणी विचारलं नव्हतं.

खोटं नाव सांगायची वेळ आली की माणसाला इवाई, म्हणजे व्याहीच आठवतो. चांगल्या कामाला आठवत नाही, ती गोष्ट वेगळी. नथ्थूची पोरगी शीला कटंगीला सुखरामच्या घरी दिली होती. नथ्थू बोलून गेला, "सुखराम वल्द डोमाजी, मुक्काम कटंगी."

"किसके लिए?"

"घरच्या मांजरीसाठी," नथ्थू म्हणाला, आणि प्रेमलालने तेही लिहून घेतलं.

पंधरा दिवसांनी नथ्थू पुन्हा कटंगीच्या बाजारात बसला होता. गर्दी चांगली जमली होती. शेजारच्या चहाच्या हॉटेलासमोर डाकवाला चैतराम टपाल वाचत होता. तिकडचा रिवाज असा की पाकीट घरचं आणि कार्ड गावाचं. पाकीट मुकाट्याने हातात द्यायचं. कार्ड मात्र चैतराम बाकावर उभं राहून खड्या आवाजात वाचणार. अर्ध्या गावाला वाचता येत नव्हतं, आणि येत होतं त्यांनाही दुसऱ्याचंच कार्ड ऐकायला आवडत असे.

"सुखराम वल्द डोमाजी यास!" चैतराम ओरडला. "आपन आमच्या दुकानातून नेलेला खिजाब सरत आला असंन. नवीन माल आला आहे. मांजरीची तब्येत कशी आहे? आपला, प्रेमलाल, बालाघाट."

सगळा बाजार हसत सुटला. कारण सुखरामचं डोकं म्हणजे पाण्यात धुऊन उलटी ठेवलेली घागर होती.

"सुखराम भाऊ, खिजाब कुठं लावता हो?"

"मांजर कोनाची? दाखवा तरी!"

सुखराम हॉटेलातून बाहेर आला. लाल झालेलं टक्कल पुसत म्हणाला, "माह्या बापाचं नाव सांगनारा कोनी घरचाच आहे. अन् त्याले केस आहेत."

एकेक मान वळली. नथ्थूच्या मिशांवर त्या दिवशी इतके डोळे पडले की मिशा वजनाने खाली आल्या.

पण चैतरामजवळ आणखी कार्डं होती. गोदाबाई विधवा, तिने नेलेलं दाढीचं सामान. म्हातारा महागू, सत्तरीचा, त्याने नेलेला पाळण्यावरचा खुळखुळा. "मी नाही! मी नाही!" असा ओरडा झाला. प्रेमलालच्या दुकानात जो जो गेला होता, त्याने आपल्या शेजाऱ्याचंच नाव दिलं होतं.

"चला सारे बालाघाटले!" सुखराम गरजला. "प्रेमलाल चेहऱ्यानं ओळखंन कोन काय नेलं त!"

आता कोणी हसेना. कोणाला म्हशीला चारा घालायचा होता, कोणाचा पाय दुखत होता.

"मंग इवाई, तुमी चला," सुखराम म्हणाला. "साक्षीले."

नाही म्हटलं तर कबुलीच. नथ्थूने मुळ्या गुंडाळल्या आणि बसमध्ये चढला. सगळा रस्ता तो खिडकीबाहेर पाहत होता. मिशा गेल्या तर तिन्ही बाजार गेले. दुसरं त्याला काही येत नव्हतं. नांगर धरला तर बैल हसत.

प्रेमलालने दोघांना पायरीवरच पाहिलं. हात जोडून नथ्थूला म्हणाला, "आओ सुखरामजी, आओ!" आणि लगेच सुखरामकडे वळून, "अरे वाह, नथ्थूजी भी साथ में!"

दोघे इवाई एकमेकांकडे पाहत राहिले.

"इवाई," नथ्थू हळूच म्हणाला, "माह्या नावानं काय नेलं तुमी?"

उत्तर प्रेमलालनेच रजिस्टर उघडून दिलं. "नथ्थूजी, परसवाडा. केस उगवायचं कलकत्त्याचं तेल, दोन शिशी." बाजारात गरजताना सुखरामला या शिश्या आठवल्याच नव्हत्या.

नथ्थू खिजाब विसरला. "पोरीच्या बापाचं तेल घरात पडलं असतानी कलकत्त्याचं?"

"तुमच्या तेलाच्या तीन बाटल्या लावल्या मी. भुवया होत्या, त्याई गेल्या!"

खरोखरच गेल्या होत्या.

तेवढ्यात प्रेमलालने कार्डांचा एक गठ्ठा पुढे केला. "परसवाडे की डाक अभी जानी है. आपका कार्ड इसी में है, नथ्थूजी."

जडीवाला नथ्थू केस उगवायला कलकत्त्याचं तेल नेतो, हे परसवाड्यात बाकावरून वाचलं गेलं की संपलं. नथ्थूने हात पुढे केला, पण प्रेमलालने गठ्ठा मागे ओढला.

"जिसका कार्ड, उसी को. आप तो सुखरामजी हो."

कार्ड सुखरामच्या हातात गेलं. त्याने ते उलटून पालटून पाहिलं.

"इवाई," नथ्थू म्हणाला, "चादर उठली त मी खाईन काय?"

सुखरामने कार्डाने टक्कल खाजवलं. मग म्हणाला, "शीला कोचईच्या पानाच्या वड्या चांगल्या करते. तुमच्यासाठी नाही, वड्यांसाठी देऊन राह्यलो." नथ्थूने कार्ड तिथेच पानाच्या विड्यात घालून चावून खाल्लं. शाईने जीभ काळी झाली, ती त्याच्या धंद्याला शोभणारीच होती.

"मतलब नाम उलटे हैं?" प्रेमलालने लेखणी उचलली. "तो रजिस्टर में ठीक कर देता हूँ."

"खबरदार!" दोघे एकदमच म्हणाले.

कटंगीला बस लागली तेव्हा सगळा बाजार वाट पाहत उभा होता.

"काय निघालं, सुखराम भाऊ?"

सुखरामने एकदा नथ्थूच्या मिशांकडे पाहिलं. गिळायला कठीण होतं, पण गिळलं. "मीच नेलता खिजाब. विसरलोच होतो."

"टकलाले?"

"बैलाले लावाले," सुखराम म्हणाला. त्याला त्या क्षणी दुसरं काही सुचलं नाही.

नथ्थूचं तेल त्या दिवशी झाडून सगळं खपलं. सुखरामला त्या साली खरोखरच बैल विकायचा होता. चांगला तरणा, काळा कुळकुळीत बैल. चार बाजार फिरवला. जे गिऱ्हाईक येई, ते बैलाचे दात नंतर पाही; आधी बोटाला थुंकी लावून शेपटी चोळून बघे.