बारच्या डब्यातली उभी माणसं

मंजिरीला पाचवा महिना लागला तेव्हा डॉक्टरने बजावलं, गाडीत बसायला मिळत नसेल तर नोकरी सोड. सोडायची कशी? लंडनच्या लॅबमधली ती जागा तिने झगडून मिळवली होती. पण पॅडिंग्टन स्टेशनहून मेडनहेडला घरी नेणारी संध्याकाळची गाडी खच्चून भरायची, आणि तिच्यात एक अख्खा डबा बारचा! तिथे खुर्ची एक नाही, टेकायला नुसती फळी, आणि ग्लास हातात घेऊन उभी असलेली सुटाबुटातली माणसं. त्यांत शशिधरकाकाही असत. तिच्या सासऱ्यांचे मित्र, मोठे भूलतज्ज्ञ. स्वतः पीत टोमॅटो ज्यूस, पण आपली पाळी आली की सगळ्यांना पाजत. मंजिरी नाक मुरडायची.

प्रवाशांच्या सभेत ती कडाडली, "बार काढा, सीट्स द्या!" रेल्वेच्या साहेबांना पटलं. काका सभेला होते, पण त्यांनी चकार शब्द काढला नाही. नव्या वेळापत्रकाबरोबर बार गेला आणि साठ सीट्सचा डबा लागला.

पहिल्याच संध्याकाळी ती धापा टाकत चढली, तर गाडी भरलेली. बारची मंडळी लवकर येऊन बसली होती. जागा वाढल्या, तसे बसणारेही वाढले. इतकी वर्षं ही माणसं आपणहून सीट्स सोडत होती, हे हिच्या गणितात आलंच नव्हतं. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय! तिचे पाय भरून आले होते आणि आता डोळेही भरले.

"मंजिरी, ये, बस इथे." काका उठले. त्यांच्या पाठोपाठ बारची सगळी मंडळी उठली, कुणी न सांगता, आणि दाराशी जाऊन उभी राहिली. दमलेली माणसं भराभर बसली. एकाने ब्रीफकेसमधून बिअरचे कॅन काढले, काकांना ज्यूस दिला, आणि गप्पा सुरू. शोधून सापडणार नाहीत अशी माणसं, आणि ही त्यांना बेवडे म्हणत होती!

"काका, मीटिंगमध्ये तुम्ही का नाही बोललात? तुमचं सगळ्यांनी ऐकलं असतं."

"काय बोलणार? हॉल पॅक्ड होता. तू बोलायला लागलीस तेव्हा कळलं, प्रेग्नंट असून तू मघापासून भिंतीला टेकून उभी आहेस. आणि आम्ही सगळे बारवाले आरामात खुर्च्यांवर. ऑनेस्टली, त्यानंतर तोंड उघडायची लाज वाटली गं आम्हाला."