दोन धागे कमी

मित्रांनो, काडेपेटीएवढं, तीन घड्यांचं एक जुनं पितळी भिंग तुमच्याशी बोलतंय. माझी घडी उलगडली की खाली चौकोनी खिडकी दिसते, बरोबर एक इंचाची, आणि वर काच. मला कापडावर ठेवायचं, काचेला डोळा लावायचा आणि खिडकीतले उभे-आडवे धागे मोजायचे. "बरोबर एक इंच" असं मघाशी म्हणालो ते सवयीने. खरं काय ते पुढे सांगतो, कारण तेच सांगायला मी तोंड उघडलं आहे.

माझ्या उमेदीची वर्षं गेली मुंबईतल्या डिलाईल रोडजवळच्या एका कापड गिरणीत. तिथे कापड तपासायचं काम मालवणकडच्या गणपतकडे होतं आणि मी गणपतच्या खिशात असायचो. मागावरून उतरलेला कापडाचा ताका आमच्यासमोर आला की विणणारा हातातलं काम सोडून आमच्याकडे बघत राहायचा. धागे पुरे भरले तर गणपत मान हलवायचा, कमी भरले तर वहीत शेरा मारायचा. साहेबसुद्धा म्हणायचे, "गणपतचं भिंग खोटं बोलत नाही." मला फार बरं वाटायचं. खरं सांगू का, मी जरा शेफारलोच होतो.

त्याच गिरणीत भिवा नावाचा एक विणकर होता. भिवाच्या वडिलांना त्यांच्या जातीमुळे मागाजवळ उभंही राहू देत नसत. आडवा धागा नेणाऱ्या धोट्यातून तो धागा तोंडाने ओढून काढावा लागे, आणि त्यांचं तोंड लागलेला धोटा इतरांना चालत नसे. तो काळ सरला आणि भिवाला माग मिळाला. त्याच्या घरातला तो पहिला विणकर. मी हजारो हातांचं कापड पाहिलं आहे, पण भिवाचं कापड खिडकीत आलं की मोजायचं सोडून नुसतं बघत राहावंसं वाटे. एकही धागा दुसऱ्याच्या अंगावर गेलेला नसायचा.

मला दर सोमवारी साहेबांच्या टेबलावरच्या पितळी पट्टीशी ताडून पाहायचं, असा खात्याचा नियम होता. १९८२ सालच्या जानेवारीत, एका मंगळवारी, मी गणपतच्या हातातून निसटलो आणि फरशीवर आपटलो. त्याने मला उचललं, सदऱ्याला पुसलं, काच शाबूत आहे एवढं पाहिलं आणि पट्टीचं सोमवारी बघू म्हणाला. पण माझ्या खिडकीची एक कड आत दबली होती. मला ते कळलं होतं. पण मला काही बोलता येत नव्हतं.

पुढचा ताका नेमका भिवाचा होता. गणपतने मोजलं. दोन धागे कमी. पुन्हा मोजलं, पुन्हा दोन कमी. त्याने शेरा मारला, आणि तेवढ्यावर न थांबता सगळ्या खात्यासमोर मोठ्याने बोलला, "तुमच्यातल्याला मागावर उभं केलं की असंच होणार!" काही जण हसले. भिवा म्हणाला, "भाऊ, एकदा दुसऱ्या भिंगाने बघा." गणपतने बघितलं नाही. दुसऱ्या दिवसापासून भिवाच्या हातात झाडू आला.

पुढच्या सोमवारीच गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. पट्टीशी ताडायचा तो सोमवार माझ्यासाठी कधी उजाडलाच नाही, आणि आमची गिरणी पुन्हा चालू झाली नाही. भिवाच्या नावापुढचा शेवटचा शेरा तोच राहिला. मी गणपतच्या घरी एका पत्र्याच्या डब्यात, गंजलेल्या किल्ल्यांच्या संगतीत चाळीस-बेचाळीस वर्षं पडून होतो. भिवा पलीकडच्याच चाळीत राहायचा, पण एवढ्या वर्षांत तो गणपतशी एक शब्द बोलला नाही.

मला बाहेर काढलं ते गणपतच्या नातीने, आकांक्षाने. ती सातवीत आहे आणि तिला चित्रकलेचं वेड आहे. मित्रांनो, जन्मभर मी कापडाशिवाय काही पाहिलं नव्हतं. तिने मला मिठाचा खडा दाखवला, तर तो चक्क चौकोनी! दादरच्या फुलबाजारातून आणलेल्या झेंडूची एक पाकळी दाखवली, तिच्यावर मखमलीसारखी लव होती. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसून तिने मुंगीचे पाय पाहिले आणि आजोबांनाही पाहायला लावले. मी थक्क झालो. एवढं सगळं माझ्या आजूबाजूला होतं आणि मी आयुष्यभर लोकांच्या चुका मोजत बसलो होतो.

एकदा तिला रुमालाची वीण मोठी करून काढायची होती. तिने माझ्या खिडकीचा चौकोन कागदावर गिरवला, फूटपट्टी लावली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"आजोबा, हा इंच चुकीचा आहे. एक बाजू छोटी आहे बघा."

"गप गो! गिरणीचा भिंग ता. तुझी पट्टी खराब असतली."

"दोन पट्ट्या लावल्या मी. ही कड दबलीय. कधी पडलं होतं का हे?"

गणपतने मला हातात घेतलं. कडेवरून बोट फिरवलं. मग तो खाली बसला. संध्याकाळी त्याने नातीला सगळं सांगितलं. स्वतः काय बोलला होता तेही, अडखळत का होईना, सांगितलं.

"मग जा ना, सांगा त्यांना," ती म्हणाली.

त्यानंतर आठ दिवस गणपत रोज मला खिशात घालून भिवाच्या चाळीच्या जिन्यापर्यंत जायचा आणि परत यायचा. नवव्या दिवशी जिना चढला. भिवाच्या बायकोने, चंपाने, दार उघडलं. ओळख पटली तसा तिचा चेहरा कठोर झाला, पण तिने आत येऊ दिलं. गणपतने मला भिवापुढे ठेवलं.

"भिवा, भिंग वाकडा होता रे. तुझे धागे पुरे होते."

भिवाने मला उचललं, दबलेली कड पाहिली आणि खाली ठेवलं. मला वाटलं, आता हा मला खिडकीतून फेकून देणार.

"भिंगाने दोन धागे कमी मोजले," तो शांतपणे म्हणाला. "पण 'तुमच्यातल्याला' हे काय भिंग बोललं होतं?"

गणपतची मान खाली गेली. "नाय. ता मी बोललंय. माझा चुकला."

"इथं घरात बोलून काय उपयोग? तेव्हा अख्खं खातं ऐकत होतं."

आमच्या खात्यातली आता सातच माणसं उरली आहेत. संध्याकाळी ती नाक्यावरच्या बाकड्यांवर बसतात, पण भिवा कधी तिथे फिरकत नसे. दुसऱ्या दिवशी तो चंपाला घेऊन आला. गणपत सगळ्यांसमोर उभा राहिला. मला त्याने मुठीत घट्ट धरलं होतं.

"भिवाच्या कापडात धागे पुरे होते," तो म्हणाला. "माझं माप वाकडं होतं, आणि माझी जीभ पण. भिवा, मला माफ कर."

एका म्हाताऱ्याने कानामागे हात धरला आणि विचारलं, "काय म्हणाला तो?"

गणपतने भिवाकडे पाहिलं. भिवा म्हणाला, "परत बोल, गणपत. जोरात बोल."

आणि गणपत परत बोलला, जोरात, रस्त्यावरची माणसं थांबून बघतील इतक्या जोरात. चंपाने पदराने डोळे पुसले. भिवाने माफ केलं की नाही, ते मला माहीत नाही. तो तसं काही म्हणाला नाही.

मित्रांनो, माझी दबलेली कड अजून तशीच आहे. मला पुसा, जपा, माझ्यातून पाकळ्या बघा, मुंग्या बघा, मला आनंदच होईल. फक्त माझ्या भरवशावर कोणाला कमी ठरवणार असाल, तर आधी मला पट्टीशेजारी ठेवून बघा. आणि ते सोमवारवर ढकलू नका.