हॉलमधला मांडव

आवडाबाई गुरुवारी संध्याकाळी साडेसहाला रेडिओवर बोलणार होत्या. म्हणजे बोलून तर त्या तीन आठवड्यांपूर्वीच मोकळ्या झाल्या होत्या. आसेगावच्या मळ्यात आकाशवाणीच्या बाई आल्या, वांग्याचं बियाणं कसं धरावं हे त्यांच्याच आवाजात टिपून घेऊन गेल्या, आणि प्रसारणाचा दिवस फोनवर कळवला. ही गोष्ट घरात फक्त सून सुचिताला ठाऊक होती. नवरा, शालिकराम, त्या दिवशी बाजाराला गेले होते; त्यांना आवडाबाईंनी मुद्दामच सांगितलं नव्हतं.

त्याला कारणही तसंच होतं. चाळीस वर्षं दोघांनी मिळून भाजीपाला पिकवला, पण शालिकरामांनी बायकोचं एक अक्षर ऐकलं असेल तर शपथ! ‘बी सावलीत वाळवा,’ असं त्या कंठशोष करून सांगत, आणि हा गडी बी खुशाल टिनावर रखरखत्या उन्हात पसरत असे. वर विचारायचा, “तुले कोन सांगतलं? रेडिओवाल्यानं सांगतलं का?” रेडिओवाला म्हणेल ती पूर्व दिशा. आवडाबाईंना एवढंच हवं होतं, की एकदा तरी आपलं बोलणं त्याच रेडिओतून या माणसाच्या कानात शिरावं.

पण रेडिओ बोलेल तर ना! मधल्या तीन आठवड्यांतच मुलगा आदर्शने वाशिमला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला, म्हातारा-म्हातारी तिथे राहायला आली, आणि मळ्यात खणखणीत वाजणारा रेडिओ इथे नुसता खरखरू लागला. आठ दिवस त्याचे कान पिळून शालिकराम दमले आणि त्यांनी तो कपाटावर ठेवून दिला.

“आई, मोबाईलवर लावून देते ना,” सुचिता म्हणाली.

“मोबाईलवर कोनीबी उठते अन् बोलते, असं म्हनतीन ते. नाही पोरी, रेडिओच पाह्यजे.”

मग सुचितानेच कुठेतरी वाचून काढलं. गच्चीवर तार लावायला बिल्डिंगवाल्यांची मनाई असली, तरी लांब तार घरातल्या घरात ताणता येते. तिचं एक टोक रेडिओभोवती गुंडाळायचं, की झालं.

तार ताणायची? आवडाबाईंना हसूच आलं. कारल्याचे मांडव घालण्यात त्यांचा जन्म गेला होता. गुरुवारी चार वाजता शालिकराम बाजाराकडे गेले आणि आवडाबाई स्टुलावर चढल्या. मळ्यातून आणलेलं तारेचं भेंडोळं त्यांनी सोडलं. खिडकीच्या लोखंडी ग्रिलला पक्का पीळ, तिथून समोरच्या गॅलरीच्या ग्रिलला दुसरा पीळ, असे हॉलमध्ये तीन फेरे मारले. ताण असा की दुधीभोपळे लटकवावेत. उरलेलं टोक रेडिओला चार वेढे देऊन बसवलं आणि बटण फिरवलं.

रेडिओ पार मुका झाला. आधी निदान खरखर तरी यायची.

घड्याळात पावणेसहा झाले होते. आवडाबाईंचे डोळे भरून आले. “चुलीत जावो हे तार!” म्हणत त्यांनी रागाने खिडकीकडचे पीळ सोडवले, मग गॅलरीकडचे. तार हातात आली आणि रेडिओतून स्पष्ट शब्द आले, “...तुरीचे बाजारभाव...”

सुचिता स्वयंपाकघरातून धावत आली. आवडाबाईंनी तार पुन्हा ग्रिलला टेकवली. आवाज बंद. उचलली, आवाज सुरू.

“अवं, पाट फुटला तं वाफ्यात पानी कायले येईन?” त्या ओरडल्याच. “ह्या घराचं लोखंडच सारं पिऊन राह्यलं! मांडवाची तार लोखंडाले बांधाव, तशी म्या बांधली. हे त्याचं उलटं हाय.”

मळ्यातून आणलेल्या पिशवीत ठिबक सिंचनाच्या प्लास्टिक नळीचे तुकडे होते. तार आणि लोखंड यांच्यामध्ये एकेक तुकडा घालून आवडाबाईंनी सगळे पीळ नव्याने बांधले. सुचिताने फ्रिज, ट्यूबलाइट, चार्जर, सगळं बंद केलं. उरलीसुरली घरघरही गेली.

सव्वासहाला शालिकराम आत आले आणि त्यांची टोपी तारेत अडकली.

“हे काय व? हॉलमंदी कारली लावून राह्यली का?”

उत्तराआधी त्यांना रेडिओ ऐकू आला. भांडण विसरून ते खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसले. सुचिताने चहा दिला. साडेसहाला निवेदिका म्हणाली, “आज बोलणार आहेत आसेगावच्या अनुभवी शेतकरी आवडाबाई ढोके.” शालिकरामांचा कप हवेतच राहिला.

“बायांनो, बी उन्हात टाकू नका,” आवडाबाईंचाच आवाज, ठाम. “सावलीत वाळवा. उन्हात बियाचा जीव जाते.”

एवढं ऐकलं आणि खऱ्या आवडाबाईंना राहवेना. “अवो, म्या तुमाले हेच तं...”

शालिकरामांनी मान न वळवता हात वर केला.

“चूप व जरासक! आवडाबाई काय सांगून राह्यल्या, ते ऐकू दे.”

आवडाबाई चूप बसल्या. इतक्या आनंदाने त्या जन्मात कधी चूप बसल्या नव्हत्या.